भाव विचारावा लागू नये म्हणून: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून नोंदी लिहून ठेवते. काम असं: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं भावाचं पान नव्याने करायचं. दोन वर्षांपूर्वी ते मीच केलं होतं. कापूस, सोयाबीन, तुरीचा रोजचा भाव, सभेच्या सूचना आणि बियाण्याच्या मागणीचा अर्ज, एवढंच त्यात आहे. सभासद बरेचसे हिंगणघाट तालुक्यातले, काही समुद्रपूरकडचे.

पान चालतं, कुणाची तक्रार नव्हती. पण दिवाळीत मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, मागच्या हंगामातली एक गोष्ट सांगितली आणि ती डोक्यातून जाईना. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला आठ वर्षं झाली. शेत अजून तेच पाहतात. बोंड चिमटीत धरून वेचणी कधी लावायची ते सांगतात. फोनही वापरतात, बोलणारा. मागच्या वर्षी घरात चौदा क्विंटल कापूस पडून होता. आम्ही रोज भावाचं चित्र व्हॉट्सॲपवर टाकतो: वर झेंडूचं तोरण, मधे आकडे, खाली कंपनीचं नाव. त्यांच्या फोनने ते वाचलं एका शब्दात: "फोटो." मग ते पानठेल्यावर गेले आणि तिथे भाव विचारला. संध्याकाळी खेडाखरेदीवाला दारात उभा.

"त्याले मालूम झालं होतं का मले इकाचं हाय," मोठेबाबा म्हणाले. "मले मात्र भाव मालूम नोता."

क्विंटलमागे तीनशे रुपये कमी घेऊन माल गेला. म्हणजे चार हजार दोनशे रुपये. ते चित्र मी बनवलं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर प्रकल्पाचं उद्दिष्ट लिहिलं: भाव कुणाला विचारावा लागू नये.

५ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू केलं. अँड्रॉइडमध्ये ते आधीपासूनच असतं, सुगम्यतेच्या (ॲक्सेसिबिलिटी) सेटिंगमध्ये. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचतं, डावीकडे सरकवलं की मागची. उघडायचं असेल तर दोनदा टकटक. पडद्यावर ओढणी टाकली आणि आमचंच पान उघडलं.

पहिलं वाक्यच कळलं नाही. कुठे गप्प, कुठे तोतरं. अर्धा तास शोधल्यावर कारण सापडलं. पानाच्या अगदी वरच्या ओळीत भाषेची खूण असते. मी तयार साचा उचलला तेव्हा तिथे 'ईएन' होतं, ते तसंच राहून गेलं. म्हणजे पान स्वतःच सांगत होतं की मी इंग्रजी आहे, आणि फोन त्याच्यावर विश्वास ठेवून इंग्रजी गळ्याने मराठी म्हणायला बघत होता. 'एमआर' केलं. बदल दोन अक्षरांचा, पण लगेच मराठी आवाज आला. मधे एकदा 'एचआय'ही करून पाहिलं, देवनागरीच तर आहे म्हणून. ते चालत नाही. चूल, जमीन, झाड या शब्दांतले च, ज, झ हिंदी आवाज हिंदीच्या वळणाने म्हणतो आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्य मनात परत मराठी करून घ्यावं लागतं.

पुढे तीन बटणं आली, तिन्ही नुसतं "बटण" म्हणाली. डोळ्यांना त्यांवर घर, फोन आणि वही दिसते. चित्रं काढली होती, नावं दिलीच नव्हती. अर्जात 'येथे गावाचं नाव लिहा' हे चौकटीच्या आतच फिकट अक्षरांत होतं. टाइप करायला लागलं की पुसलं जायचं. प्रत्येक चौकटीला बाहेर, कायम राहणारं नाव दिलं. मथळे नुसते ठळक केलेले होते, मथळे म्हणून नोंदवलेले नव्हते, तेही केले. या सगळ्याला दोन तास लागले. दोन तासांचं काम दोन वर्षं राहिलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सभेची इतिवृत्तं पानावर घ्यायला बसले आणि आख्खा रविवार गेला.

कंपनीचं टायपिंग बाहेरच्या केंद्रात होतं. तिथे अजून जुने, युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या आधीचे फॉन्ट वापरतात. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते. तोच मजकूर उचलून पानावर चिकटवला की इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा नुसता कचरा. कारण फाइलमध्ये मराठी नव्हतीच कधी. त्या फॉन्टने इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरे लावलेले असतात: खाली इंग्रजी अक्षर, वर चेहरा 'क'चा. डोळा चेहरा बघतो, वाचक प्रणाली खालचं अक्षर वाचते. संगणकावर एनव्हीडीए ही वाचक प्रणाली लावून एक इतिवृत्त ऐकलं. विनामूल्य आहे ते, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने सुरू केलेलं. गावातल्या शाळेचं छप्पर, नाल्याचं खोलीकरण, बोनसचा ठराव, सगळ्याची मिळून एक अगम्य बडबड ऐकू आली.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. म्हणजे तेव्हापासून 'क' हा जगातल्या कुठल्याही यंत्राला 'क'च म्हणून कळू शकतो. आणि आपण २०२५ मध्येही असा मजकूर तयार करतो, जो फक्त दिसतो आणि वाचता येत नाही. मराठीत सुगम्यतेचं पहिलं काम हेच आहे असं माझं मत झालंय. रंग, बटणं, आकार नंतर. आधी अक्षर हे अक्षर असलं पाहिजे.

जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा परिवर्तक वापरला. नव्वद टक्के बरोबर येतं, उरलेल्या दहा टक्क्यांत जीव जातो. 'शेतकऱ्यांना' मधला र्‍य मोडतो, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी एक अक्षर मागे सरकते. 'वर्धा'चं 'वधार्' झालं होतं. डोळ्यांनी वाचताना हे सुटतं, ऐकताना लगेच खटकतं. म्हणून दुरुस्ती कानांनी केली: एनव्हीडीएने वाचायचं, अडखळलं की थांबायचं. अकरा इतिवृत्तं झाली, सात राहिली. त्या सातांपैकी चार तर छायाप्रतींचे फोटो आहेत, पीडीएफ केलेले. ती हाताने टाइप करणार.

टायपिंग केंद्रातल्या दादांशी बोलले. त्यांना युनिकोड येतं, पण 'कुणी मागत नाही,' म्हणाले. यापुढे आम्ही मागू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रंग. संचालकांना पानाला संत्र्याचा रंग हवा होता, आणि दोन वर्षांपूर्वी मी केशरी बटणावर पांढरी अक्षरं घातली. आज फरक मोजला. पांढरं आणि शुद्ध केशरी यांच्यातला उजेडाचा फरक १.९७ ला १ निघतो. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १. हे आकडे डब्ल्यूसीएजी या वेबपानांच्या सुगम्यतेच्या जागतिक निकषांतले. पहिली आवृत्ती १९९९ ची, आत्ता चालू २.२ आहे, ५ ऑक्टोबर २०२३ ची.

रेषा किती बारीक असते ते करड्या रंगात कळलं. पांढऱ्यावर ७७७७७७ क्रमांकाचा करडा ४.४८ देतो, नापास. ७६७६७६ देतो ४.५४, पास. डोळ्याला दोन्ही सारखेच. म्हणून अंदाजाने ठरवायचं नाही, मोजायचं.

दुपारी फोन घेऊन वावरात गेले. उन्हात जुनं बटण आणि नवं बटण बाबांना दाखवलं. बाबांची नजर चांगली आहे. जुन्यावर काय लिहिलंय ते त्यांनाही फोन पोटाशी धरून सावली केल्यावरच वाचता आलं. केशरी पट्टी वर शोभेला ठेवली, अक्षरं काळी केली. संचालकांना उन्हातला फोटो पाठवला, त्यांनी लगेच होकार दिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोघांच्या घरी जाऊन आले.

पहिले मामाजी. सोयाबीन काढताना मळणी यंत्रात, आमच्याकडे हडंबा म्हणतात, उजवा हात मनगटापासून गेला. फोन मांडीवर ठेवून डाव्या अंगठ्याने चालवतात. आमची पुढे-मागे जाण्याची बटणं वरच्या कोपऱ्यांत, आणि इतकी जवळ की एक दाबायला जावं तर दुसरं दाबलं जातं. डब्ल्यूसीएजीच्या एए पातळीला किमान २४ पिक्सेलची जागा चालते. त्यावरच्या पातळीला ४४ लागते. मी ४८ घेतली आणि बटणं खाली आणली. मामाजींच्या अंगठ्यासमोर किमान आकड्याचा विचारच करवला नाही.

दुसरे एक काकाजी. कुष्ठरोगातून बरे झाले, उपचार तरुणपणीच पूर्ण झाले. वरोऱ्याजवळ आनंदवन १९४९ पासून उभं आहे, तरी या आजाराबद्दल आमच्या भागात लोक अजून आवाज बारीक करून बोलतात. त्यांच्या बोटांच्या टोकांना संवेदना नाही. पडद्याला बोट टेकलं की उचललं कधी हे त्यांना बोटाने कळत नाही, बघून कळतं. त्यामुळे साधा स्पर्शही फोनला लांब दाब वाटतो आणि भलतीच यादी उघडते. फोनच्या सेटिंगमध्ये दाबून धरण्याचा वेळ वाढवता येतो, तो वाढवून दिला. पण खरी चूक आमच्या अर्जात होती. बियाण्याच्या किती पिशव्या हव्यात यासाठी मी सरकपट्टी केली होती, बोटाने ओढायची. दिसायला छान. काकाजींनी चार वेळा ओढली: सात, एक, बारा, शून्य. त्यांना तीन पाहिजे होत्या.

"दुकानात जाऊन सांगतो नं मी," ते म्हणाले आणि फोन खाली ठेवला.

सरकपट्टी काढली. आकड्याची चौकट, बाजूला मोठं अधिक आणि मोठं वजा. अर्जाला दहा मिनिटांची मुदत होती, तीही काढली. बियाण्याच्या मागणीला घाई कशाची?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कायदा वाचला, संचालक मंडळापुढे मांडायला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, आम्लहल्ल्यातले पीडित आहेत. कलम ४२ माहिती आणि संवादाच्या साधनांबद्दल. शिवाय ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती प्रकरणं ई-केवायसीची, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याची होती: कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा, असं फोन सांगतो, आणि आम्लहल्ल्यात डोळेच गेलेल्या बाईने काय मिचकवायचं? मी हे वाचून अर्जातलं वाकडीतिकडी अक्षरं ओळखण्याचं कोडं त्याच रात्री काढलं.

सिकलसेल वाचून माझी मैत्रीण आठवली. हा आजार आमच्या भागाला नवा नाही, पण तो आणि संगणकाचं पान यांचा संबंध मी कधी लावला नव्हता. तिला फोनवर विचारलं. दुखणं उठलं की ती एका बैठकीत अर्धा अर्जही भरू शकत नाही, आणि सोडून उठली की सगळं पुसलं जातं. आता अर्ज मधेच जपून ठेवता येतो. तीन दिवसांनी उघडला तरी तिथूनच पुढे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांतले ६९ टक्के खेड्यांतले. आमच्या सभासदांत किती, ते कंपनीला माहीत नाही. सभासद अर्जात तसा रकाना टाकावा का, हे मोठेबाबांना विचारलं. "पान नीट करा," ते म्हणाले, "यादी कायले पायजे?" रकाना टाकला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

आज जागतिक दिव्यांग दिन. तालुक्याला कार्यक्रम होता. मी गेले नाही, मोठेबाबांकडे नवं पान घेऊन गेले.

ते ओट्यावर बसले होते. फोन त्यांनी कानापासून चार बोटांवर धरला, कपाशीचं बोंड धरतात तसाच हलक्या हाताने, आणि अंगठा पडद्यावर. आवाजाचा वेग इतका वाढवलेला की मला एक शब्द धरता येईना. त्यांना येत होता. आठ वर्षांत कान तयार झालाय. त्या वेगापुढे माझी महिनाभराची तयारी फार कमी होती, आणि मी सुरुवातीलाच त्यांच्याकडे यायला हवं होतं.

मी मदत करायला गेले: "मोठेबाबा, उजवीकडे, निळं बटण."

"निळं मले काय सांगतं व? तू बोलू नको. त्याले बोलू दे."

मी गप्प बसले आणि मोजलं. भावापर्यंत पोचायला अंगठा एकोणीस वेळा सरकला. कंपनीचं नाव, बोधचिन्ह, यादीतले नऊ शब्द, सूचना, संचालकांची शुभेच्छा. मोठेबाबा वैतागले नाहीत, फक्त म्हणाले, "पह्यले भाव. बाकीचं मंग."

भाव आला तोही पूर्ण नाही. तक्त्यात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन रकाने. फोनने तीन आकडे ओळीने म्हटले. कोणता कशाचा ते नाही, कारण रकान्यांची नावं मी आकड्यांना जोडलीच नव्हती. आणि 'क्विं.' आलं तिथे फोन "क्विं" म्हणून थांबला. मोठेबाबाही थांबले.

"काय बोलून राह्यलं व हे?"

लिहिताना जागा वाचवायला आपण शब्द तोडतो: क्विं., ता., जि., मौ., ग्रा. पं. डोळा ते भरून काढतो. कानाला तुटलेला शब्द तुटलेलाच मिळतो.

तिथेच, ओट्यावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन बदललं. भाव सगळ्यांत वर. तक्ता ठेवला, पण प्रत्येक आकड्याला रकान्याचं नाव जोडलं, आणि तक्त्याच्या आधी पूर्ण वाक्य घातलं. हमीभावाची ओळ आता अशी: "कापूस, मध्यम धागा, हमीभाव ७७१० रुपये क्विंटल. लांब धागा, ८११० रुपये क्विंटल." मोठेबाबांनी परत उघडलं. एकदाच सरकवलं. भाव आला. त्यांनी तो पुन्हा ऐकला, मग तिसऱ्यांदा, आणि फोन बंडीच्या खिशात टाकून चहा मागितला.

व्हॉट्सॲपवरचं चित्र बंद करायचं नाही, लोकांना तोरणासकट आवडतं. पण उद्यापासून त्याच्याखाली भाव अक्षरांत लिहिलेला असेल. रोज मीच टाकणार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मला वाटत होतं बोलणं आलं म्हणजे झालं. आमच्या काट्यावर एक पोरगा काम करतो, जन्मतः ऐकू येत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी कंपनी सूचना आवाजात पाठवते. त्या आल्या की तो फोन बाजूच्याला देतो आणि लिहून मागतो. म्हणजे मोठेबाबांसारखंच: विचारावं लागतंय. अंध माणसाला उघडलेलं दार बहिऱ्याला बंद. दोन्ही ठेवायचं, आवाज आणि मजकूर, दर वेळी.

त्याच्याशी कागदावर लिहून बोलले. शाळेत तो भारतीय सांकेतिक भाषा शिकला, तीच त्याची पहिली भाषा. तिचं व्याकरण तिचं स्वतःचं आहे, हातांनी केलेली मराठी नव्हे ती. त्यामुळे आमची 'तरी सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की' ही सूचना त्याला परक्या भाषेतल्या पल्लेदार वाक्यासारखी वाटते. आता सूचना अशा: "सोमवारी सभा. सकाळी १० वाजता. जागा: शाळा." खरं सांगायचं तर सगळ्यांनाच त्या आवडल्या.

गुलाबी बोंडअळीवरच्या तीन मिनिटांच्या व्हिडिओला खाली मजकूर दिला. आपोआप तयार होणारा मजकूर आमच्या बोलीपुढे टिकला नाही, 'कामगंध सापळे' तर ओळखू येईना. हाताने लिहिला. दोन तास.

१८ डिसेंबर, गुरुवार

मोठी आईकडून कळलं: काल मोठेबाबांच्या कापसाची गाडी गेली. दोन दिवस सकाळी ओट्यावर फोन ऐकत बसले होते म्हणे, मग स्वतःच गाडीवाल्याला बोलावलं. पानठेल्यावर गेले नाहीत. मलाही भाव विचारला नाही. किती भावाने दिला ते मोठी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी सात वाजता मोठेबाबांचा फोन.

"काहून व, पान आज मुकं काहून झालं? मी दोनदा फोन बंद करून चालू केला."

"आज रविवार आहे मोठेबाबा. बाजार बंद."

"थे मले मालूम हाय. पानाले मालूम हाय का?"

उघडून बघितलं. भावाचा रकाना रिकामा. डोळ्यांना रिकामी चौकट दिसते आणि सुटी असल्याचं समजतं. फोन त्या चौकटीवर येऊन काहीच म्हणत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं फोन बिघडला, नेट गेलं, किंवा आपला अंगठा चुकला. तिथे लिहिलं: "आज रविवार, बाजार बंद. शनिवारचा भाव खाली आहे." रिकामं ठेवता येणार नाही असा नियमच रकान्याला घातला, भाव नसेल तर कारण लिहावंच लागेल.

परत फोन लावला. त्यांनी मी धरून असतानाच दुसऱ्या फोनवर, मोठी आईच्या, पान ऐकलं.

"आता ठीक. गुरुवारी नाताळची सुटी हाय, थे बी आताच लिहून ठेव."

लिहून ठेवलं.